आखात ओलांडावे की आखाताला वळसा घालावा? दीव ते बडोदे, कॅम्परच्या सहलीचा शेवटचा टप्पा

विंचवाचे_बिऱ्हाड

मंडळी, नमस्कार. द्वारकेहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही आज दीवला पोहोचलो आहोत. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर असून तिच्यात मागे आडवा पलंग, ओटा, पाच किलोचा गॅस सिलिंडर आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवलेली आहे. टपावरच्या सौरपट्ट्या धरून तिची उंची नऊ फुटांच्या आसपास जाते. बरोबर पत्नी, दोन मुले आणि बाहत्तर वर्षांची आई आहे. पोरबंदर, माधवपूर, सोमनाथ असा आतापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. सोमनाथला आईने नव्या मंदिराआधी अहिल्याबाईंनी बांधलेल्या जुन्या मंदिरात जाण्याचा हट्ट धरला आणि तो योग्यच होता.

प्रश्न पुढचा आहे. हाताशी तीन रात्री उरल्या आहेत. एक मार्ग असा, की राष्ट्रीय महामार्ग ५१ ने महुवा, तळाजा करीत भावनगर गाठावे, घोघ्याहून गाडी जहाजावर चढवून हजिऱ्याला उतरावे आणि तेथून बडोदे गाठावे. दुसरा मार्ग असा, की भावनगरहून धोलेरा, वटामण, तारापूर करीत खंभातच्या आखाताला वळसा घालून रस्त्यानेच यावे. मुलांना जहाज हवे आहे. मला मात्र भावनगरनंतर समुद्र संपतो आणि उरतो तो नुसता कंटाळवाणा महामार्ग, अशी धास्ती आहे. आपण काय सुचवाल?

रावपुरा_टॉवर

जहाजाचा मोह मुलांसाठी ठीक आहे, पण आपण सुरतेचे नसून बडोद्याचे आहात, हे विसरू नये. घोघा ते हजिरा ही फेरी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरच्या जलमार्गावर आला, असे सांगितले गेले आणि ते खरेच आहे. मात्र हा हिशेब सुरतेच्या माणसाचा आहे. बडोदेकराला हजिऱ्याला उतरल्यावर सुरत आणि भरूच ओलांडून सुमारे १७० किलोमीटर उलट उत्तरेला यावे लागते. भावनगरहून धोलेऱ्यामार्गे बडोदे जेमतेम २०० किलोमीटर आहे. म्हणजे चार तास जहाजात काढून, गाडीचे भाडे भरून, वर भरूचची वाहतूक सोसून आपण वाचवणार किती, तर तीस किलोमीटर.

आपल्यासाठी खरी सोयीची होती ती घोघा ते दहेज ही फेरी. ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि आखात एकतीस किलोमीटरमध्ये ओलांडून देत होती. पण नर्मदेच्या मुखाशी असलेल्या दहेजच्या बाजूला गाळ साचून खोली पुरेना, म्हणून ती बंद पडली. नर्मदेने आपल्याला पाणी दिले आणि जहाज काढून घेतले, असेच म्हणावे लागेल.

खारवट

मी भावनगर बंदरात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. गाळाचा मुद्दा रावपुरेकरांनी बरोबर सांगितला, परंतु भावनगरनंतर समुद्र संपतो, या बिऱ्हाडकरांच्या वाक्याला माझी हरकत आहे. समुद्र तेथे संपत नाही, त्याचे रूप पालटते. दीवपर्यंत आपण पाहिला तो वाळूचा, निळा, लाटांचा समुद्र. तळाज्यानंतर चिखलाचा, तपकिरी आणि घड्याळ लावून येणारा समुद्र सुरू होतो, आणि माझ्या मते तुमच्या सहलीतला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे.

खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे. तोंड रुंद, आत अरुंद आणि तळ वर चढत गेलेला. भरतीचे पाणी आत शिरले की त्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते उंच होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भावनगरला ओहोटीच्या आणि भरतीच्या पाण्यातला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतका. मुंबईला हाच फरक साधारण निम्म्याने भरतो. म्हणूनच भावनगर बंदराला पाणी कोंडून धरणारा दरवाजा बसवावा लागला, नाहीतर ओहोटीला जहाज चिखलात बसते. आणि अलंगला नेमके तेच हवे असते. मोठ्या उधाणाच्या दिवशी मोडीत काढायचे जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचे आणि पाणी ओसरले की ते कोरड्यावर उभे. १९८३ पासून हा उद्योग या भरतीच्याच जिवावर चालला आहे.

अलंगच्या जहाजतोडणीच्या आवारात परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही आणि छायाचित्रे तर मुळीच काढू देत नाहीत, त्यामुळे तेथे वेळ घालवू नका. पण त्रापजहून अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जहाजातून निघालेल्या सामानाची दुकाने आहेत. तेथे त्यांना खाडा म्हणतात. कॅम्परवाल्याला याहून चांगली बाजारपेठ हिंदुस्थानात नसेल. जहाजाची खोली आणि कॅम्परची खोली यांची अडचण एकच असते: जागा थोडी आणि जमीन हलती. कपाटे डोलताना उघडू नयेत म्हणून त्यांना दाबाच्या कड्या असतात, टेबलाला भांडी घसरू नयेत म्हणून उंच काठ असतो, आणि जाड काचेचे प्याले आपटले तरी फुटत नाहीत. घासाघीस जरूर करावी, पहिला भाव कधीच खरा नसतो.

मालवणची_लेक

भावनगरजवळच्या कोळियाकचे निष्कलंक महादेव चुकवू नका. किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटर आत, समुद्रातच एका ओट्यावर पाच शिवलिंगे आहेत आणि पांडवांनी युद्धानंतर तेथे पापक्षालन केले, अशी कथा सांगतात. ओहोटीला चालत जाता येते, भरतीला फक्त ध्वजाची काठी दिसते. मी लग्न होऊन बडोद्याला आले त्या वर्षी सासूबाईंनी नेले होते.

वेळ काढण्यासाठी आमच्या कोकणातला साधा हिशेब सांगते. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. परवा तृतीया आहे, म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तास, आठच्या सुमारास ओहोटी. सकाळी आठला तेथे उभे राहा.

विंचवाचे_बिऱ्हाड

ताई, काका, मनापासून आभार. जहाजाचा बेत रद्द केला आहे. उद्या अलंगचा रस्ता, मुक्काम कोळियाकला, परवा सकाळी आठला दर्शन. त्यानंतर धोलेऱ्याच्या रस्त्याने बोरसदपर्यंत येऊन, तेथून गंभीरा पुलावरून मही ओलांडून पादरा, जंबुसर करीत थेट कावी-कंबोईला तिसरा मुक्काम करावा म्हणतो. आखाताच्या पश्चिमेला भरतीत बुडणारा एक महादेव आणि पूर्वेला स्तंभेश्वर हा दुसरा. दोघांचे दर्शन घेऊन मगच घरी परतायचे, अशी आईची इच्छा आहे.

दांडियाबाजारकर

बिऱ्हाडकर, गंभीरा पुलाचा विचार सोडून द्यावा. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी त्या पुलाचा भाग महीत कोसळला, वाहने नदीत गेली आणि माणसे दगावली. आपण नकाशा जुना लावलेला दिसतो. आता तारापूरहून सरळ वासदला येऊन तेथे मही ओलांडावी आणि बडोद्यावरूनच पादऱ्याकडे वळावे. त्यामुळे कावी-कंबोईला जाताना आपल्याला स्वतःच्या घरावरून जावे लागेल, याची मनाची तयारी ठेवावी.

जाता जाता एक सांगतो. आपण द्वारकेहून निघालात आणि कोडीनारवरून आलात, म्हणजे प्रवासाचा काही भाग जुन्या बडोदे संस्थानातूनच झाला. द्वारकेचे ओखामंडळ आणि कोडीनार ही दोन्ही गायकवाडांची, पण मधला सगळा मुलूख दुसऱ्यांचा. आमचे पणजोबा कोडीनारला कारकून होते. बदलीची आज्ञा आली की घरात रडारड होई, असे आजी सांगत असे, कारण तेव्हा या आखाताला वळसा घालणे म्हणजे परदेशगमनच होते.

खारवट

मालवणच्या ताईंची क्षमा मागून एक दुरुस्ती करतो. पाऊणपटीचा हिशेब कोकणात आणि मुंबईला चोख चालतो, परंतु खंभातच्या आखातात तो तसाच लावता येत नाही. भरतीची लाट आखाताच्या तोंडाशी आल्यावर उथळ पाण्यातून आत चढायला वेळ घेते, त्यामुळे भावनगरच्या बाजूला मुंबईपेक्षा काही तास उशिराने पाणी भरते आणि उशिराने उतरते. रोज पाऊण तास पुढे सरकण्याचा नियम मात्र तोच आहे. बिऱ्हाडकरांनी आठला जाण्याऐवजी गावात विचारून जावे. किनाऱ्यावरचा नारळवाला पंचांगापेक्षा अधिक अचूक सांगेल.

आणखी एक गोष्ट. पाणी हटले म्हणून गाडी ओल्या पट्ट्यावर घेऊ नये. वरची वाळू घट्ट दिसते, पण खाली चिखल असतो, आणि तेथे रुतलेली गाडी काढायला तुमच्याकडे पुढच्या भरतीपर्यंतचाच वेळ असतो.

गॅरेजवाला_प्रतापनगर

काकांच्या चिखलात माझी भर. ज्या दिवशी समुद्राजवळ मुक्काम असेल त्या दिवशी गाडीच्या खालच्या बाजूला गोड्या पाण्याचा फवारा मारावा, विशेषतः ब्रेकच्या नळ्या, पाट्यांच्या कमानी आणि सायलेन्सरचे जोड. बिनपाण्याची खारी हवासुद्धा पत्रा खाते. आठवड्याभराने बडोद्याला येऊन धुतो म्हणणाऱ्यांच्या गाड्यांवरच माझे घर चालते. दुसरे, भावनगरनंतर धोलेऱ्याच्या वाटेवर भाल नावाच्या सपाट प्रदेशात आडवा वारा लागतो. उंच टपाची गाडी साठाच्या वर नेऊ नये आणि मोठी मालमोटार ओलांडून पुढे आल्यावर स्टिअरिंग घट्ट धरावे, कारण तिच्या आडोशातून बाहेर पडताच वारा एकदम ढकलतो.

विंचवाचे_बिऱ्हाड

काकांची दुरुस्ती मी दोन दिवस उशिरा वाचली, हे आधीच कबूल करतो.

दीवहून निघताना तपासणी नाक्यावर आमची गाडी बाजूला घेतली गेली. दारूबंदीच्या राज्यात शिरणारी आणि चौदा कपाटे असणारी गाडी पाहून कोणत्याही पोलिसाला उत्साह वाटणारच. त्यांनी पलंगाखालचा कप्पासुद्धा उघडायला लावला. तेथे आईने सोमनाथहून घेतलेल्या गंगाजळाच्या बाटल्या निघाल्या आणि तिने त्यांना झाकण उघडून वास घ्यायला लावला. पाऊण तास गेला, पण दोन्ही बाजू हसत हसत वेगळ्या झाल्या.

महुव्याच्या आसपास रस्त्यावर कांद्याचा वास येत राहतो. तेथे कांदा वाळवण्याचे कारखाने आहेत. त्रापजच्या रस्त्यावरच्या खाड्यांत मात्र मी हरवलो. काकांनी सांगितलेल्या दाबाच्या कड्या बारा नग घेतल्या. मूळ भावाच्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळाल्या, तरी पत्नीच्या मते जास्तच दिल्या. एका दुकानात जहाजावरचे जीवरक्षक अंगरखे ढिगाने पडले होते आणि त्यांवर कुठल्याशा दूरच्या बंदराचे नाव रंगवलेले होते. धाकट्याने विचारले, की या जहाजातली माणसे कोठे गेली. दुकानदाराने शांतपणे सांगितले, की ती विमानाने घरी गेली. या उत्तराने मुलाचे समाधान झाले आणि माझेही.

मग कोळियाक. तृतीयेला सकाळी पावणेआठला आम्ही सोवळ्यासारखे तयार होऊन किनाऱ्यावर उभे राहिलो. समोर तपकिरी पाणी आणि त्यात फक्त ध्वजाची काठी. आईने हात जोडले आणि म्हणाली, देव आंघोळ करतोय, थांबू. नारळवाल्याने आमच्याकडे पाहून अकरानंतर या, असे बोटांनी दाखवले. तीन तास आम्ही गाडीचे मागचे दार उघडून बसलो, पोहे केले आणि पाणी उतरताना पाहिले. ते लाटांनी मागे जात नाही. ते जागच्या जागी खाली बसत जाते. आधी ओट्याची कड, मग खांबाचा पाया, मग एकाएकी समोर जमीन. साडेअकराला आम्ही घोट्यापर्यंतच्या चिखलातून चालत गेलो. दगड शेवाळलेले आणि निसरडे असल्याने आईला दोन्ही बाजूंनी धरावे लागले. पाचही लिंगांवर पाणी वाहताना ती काही बोलली नाही. परतताना मात्र म्हणाली, की आठला दर्शन झाले असते तर हे वाट पाहणे राहून गेले असते. मालवणच्या ताईंना तिने नमस्कार सांगितला आहे, तो पोहोचवतो.

मालवणची_लेक

चूक माझी आणि नमस्कारही मलाच, असे भाग्य क्वचित लाभते. काका, पाऊणपटीत यापुढे आखाताचे तास मिळवीन.

रावपुरा_टॉवर

बिऱ्हाडकर, आता भालची हकिकतही येऊ द्या. त्या रस्त्याला आपण कंटाळवाणा म्हटले होते.

विंचवाचे_बिऱ्हाड

म्हटले होते आणि ते शब्द मागे घेतो. भावनगर सोडल्यावर जमीन इतकी सपाट होते, की टेकडीच काय, उंच झाडही दिसत नाही. समुद्र डोळ्यांना दिसत नाही, पण जमिनीवर पांढरा क्षार दिसतो, म्हणजे तो कधीतरी येथे होता आणि जमिनीखाली अजून आहे. वेळावदरला संध्याकाळी पोहोचलो. ते काळविटांसाठीचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिवाळ्यात तेथे परदेशातून येणारे हारिन पक्षी, ज्यांना भोवत्या म्हणतात, मोठ्या संख्येने गवतात रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. एवढे शिकारी पक्षी झाडावर न बसता जमिनीवर झोपतात, हे मुलांना पटेना. उद्यानाच्या बाहेर एका ढाब्याच्या मालकाने अंगणात गाडी लावू दिली. त्याच्याकडची भाकरी नसून रोटी होती आणि ती भालिया गव्हाची होती. हा गहू पाणी न देता, पावसाची जमिनीत मुरलेली ओल पिऊन वाढतो आणि त्याला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ढाबेवाल्याने मानांकनाचे काही सांगितले नाही. लाडू याचाच करावा, एवढेच आईला सांगून त्याने दोन किलो बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून लोथल पाहिले. १९५४ मध्ये शिकारीपुर रंगनाथ राव यांनी शोधलेले हे हडप्पाकालीन नगर, आणि तेथला तो दोनशे मीटरांहून लांब, विटांनी बांधलेला हौद. ती जहाजांची गोदी होती की नुसता तलाव, यावर विद्वानांत वाद आहे. मी विद्वान नाही. पण आदल्या दिवशी कोळियाकला पाणी कसे उतरते ते पाहिलेल्या माणसाला भरती आत घेऊन कोंडून धरण्याची कल्पना अगदी सहज वाटते. खारवट काकांच्या भावनगरच्या दरवाजाचे पूर्वज येथेच असावेत, असे माझ्या मुलीने वहीत लिहिले आहे. समुद्र मात्र आता तेथून बराच लांब गेला आहे.

पुढे वटामण चोकडी, तारापूर चोकडी आणि वासदपर्यंतचा रुंद रस्ता, यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. वासदला तुरीची डाळ घेतली, मही ओलांडली आणि संध्याकाळी सातला कारेलीबागेत स्वतःच्या घरासमोर उभे राहिलो.

येथे घोटाळा झाला. मुले उड्या मारून उतरली आणि किल्ली मागू लागली. आई म्हणाली, की दुसरा महादेव बाकी आहे, कुलूप उघडले की सहल मोडली. अर्धा तास वाद चालला. शेवटी बाहत्तर वर्षांच्या बाजूने निकाल लागला आणि आम्ही आमच्याच घराच्या फाटकासमोर कॅम्परमध्ये झोपलो. टाकीतले पाणी संपत आले होते, ते अंगणातल्या नळाने भरले. कुलूप घराला असते, अंगणाला नाही, असा खुलासा आईनेच केला. रात्री दहाला शेजारचे काका काठी घेऊन आले, खिडकीतून आम्हाला पाहिले आणि काही न विचारता परत गेले. आज सकाळी त्यांनी चहा पाठवला.

पंचमीला सकाळी पादरा, जंबुसर करीत कावी-कंबोई. घरापासून सुमारे ७५ किलोमीटर. या वेळी आम्ही मुद्दामच भरती गाठली. काठावर उभे राहून स्तंभेश्वर पाण्याखाली पूर्ण बुडालेला पाहिला आणि मग दुपारपर्यंत तो हळूहळू वर येताना पाहिला. समोर धुक्यात भावनगरची बाजू आहे म्हणतात, दिसत काहीच नाही. धाकट्याने विचारले, की हेच पाणी का. मी हो म्हटले.

दांडियाबाजारकर

आपल्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार सांगावा. कुलुपाचा न्याय पणजोबांना माहीत असता तर कोडीनारहून रजेवर आल्यावर त्यांनीही अंगणातच बिछाना टाकला असता.

खारवट

कड्या बसवल्यावर छायाचित्र टाका. स्क्रू पितळी वापरा, लोखंडी वर्षभरात गंजतील.

गॅरेजवाला_प्रतापनगर

हकिकत छान, पण मला एकच विचारायचे आहे. कोळियाकचा चिखल, भालचा क्षार आणि कावीचा चिखल, हे तिन्ही अजून गाडीखालीच आहेत ना?

विंचवाचे_बिऱ्हाड

आहेत.

गॅरेजवाला_प्रतापनगर

गुरुवारी सकाळी नऊच्या आत आणा. येताना दुसरीकडे धुवून आणू नका, मला गंज कोठून सुरू झाला ते पाहायचे आहे.